साडेसोळा तास, सत्तावीस सेकंद

रविवार, २७ एप्रिल २०२५. रात्री ८ च्या सुमारास

दक्षिण स्पेनमधल्या एका औष्णिक वीजकेंद्राने निरोप दिला की उद्या आमचा संच मिळणार नाही. स्पेनची ग्रीड चालवणाऱ्या रेद एलेक्त्रिका या कंपनीने सोमवारसाठी अशी दहा केंद्रे खास नेमून ठेवली होती. त्यातले हे एक. मागणी भागवायला त्यांची गरज नव्हती, वीज उद्या मुबलकच असणार होती. ही केंद्रे हवी होती व्होल्टेज जागेवर ठेवायला.

नियंत्रण कक्षाने सोमवारचे गणित पुन्हा मांडले. गेलेल्या केंद्राच्या जागी दुसरे बोलवायचे का, एवढाच प्रश्न होता. गरज नाही, असे ठरले.

२०२५ साल सुरू झाल्यापासून व्होल्टेजची भिस्त इतक्या कमी केंद्रांवर कधीच ठेवलेली नव्हती. उरले होते साडेसोळा तास.

रात्र

या रात्री ग्रीडवर सांगण्यासारखे काही घडले नाही. त्यामुळे त्याआधीच्या काही तारखा इथेच नोंदवतो.

फेब्रुवारी २०२५. रेद एलेक्त्रिकाच्या मूळ कंपनीने, रेदेइयाने, २०२४ चा वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला. जोखमींच्या प्रकरणात एक इशारा होता. ग्रीडवर अक्षय ऊर्जेचा वाटा वाढतो आहे, पण अडचणीच्या क्षणी ग्रीडला आधार देण्याची तांत्रिक क्षमता यातल्या अनेक केंद्रांकडे नाही, त्यामुळे ती एकदम सुटी पडण्याचा धोका आहे. अहवाल भागधारकांसाठी होता. तो वाचला गेला आणि फाइलला लागला.

१६ एप्रिल. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी स्पेनची सगळी मागणी काही काळ केवळ अक्षय ऊर्जेवर भागली. असे पहिल्यांदाच घडले आणि त्याचे कौतुक झाले. ते योग्यही होते. २०२४ मध्ये देशातली ५६.८ टक्के वीज अक्षय स्रोतांतून आलेली होती आणि २०३० पर्यंत ८१ टक्क्यांचे उद्दिष्ट होते.

२२ एप्रिल. व्होल्टेज भलतेच चढले. माद्रिदच्या चामार्तिन परिसरात गाड्या जागच्या जागी थांबल्या. भूमध्य किनाऱ्यावरच्या कार्ताहेना इथला तेलशुद्धीकरण कारखाना बंद पडला. काही वेळात सगळे पूर्ववत झाले. २४ एप्रिललाही ग्रीडवर असेच हेलकावे दिसले.

आणि एक जुनी तारीख. व्होल्टेज कोणी आणि कसे सांभाळायचे, हे सांगणारी स्पेनची कार्यपद्धती क्रमांक ७.४ ही २००० सालची. तेव्हा वीज म्हणजे धरण, कोळसा, गॅस आणि अणुभट्टी. या सगळ्यांत शेकडो टनांचे जनित्र फिरत असते आणि व्होल्टेज वरखाली होऊ लागले की ते आपसूक आवर घालते. म्हणून नियमाने ते काम या केंद्रांवर सोपवले आणि त्याबद्दल पैसेही ठरवले. सौर आणि पवनऊर्जा पुढे आली तेव्हा तिच्यासाठी २०१४ च्या शाही फर्मानात वेगळी तरतूद झाली. सौर केंद्राने एक प्रमाण धरून चालायचे, व्होल्टेज चढो की उतरो, प्रमाण तेच. सौर केंद्रातल्या आजच्या इन्व्हर्टरला व्होल्टेज आवरता येते. नियम त्याला ते करू देत नव्हता.

हे बदलायला हवे, हे सर्वांना मान्य होते. नव्या कार्यपद्धतीचा मसुदा काही वर्षे चर्चेत होता. २७ एप्रिलच्या रात्री तो मसुदाच होता.

सोमवार, २८ एप्रिल. सकाळी ९:००

व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त हलू लागले. मर्यादेच्या आतच, पण नोंद घेण्याइतके.

इथे थोडे समजून घ्यावे लागेल, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. ग्रीडवर दोन गोष्टी सतत सांभाळाव्या लागतात. एक फ्रिक्वेन्सी. ती सगळ्या ग्रीडवर एकच असते, पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत ५० हर्ट्‌झ. निर्मिती आणि मागणी जुळते आहे की नाही, ते ती सांगते. दुसरे व्होल्टेज. ते मात्र जागोजागी वेगळे असते आणि जिथल्या तिथेच सांभाळावे लागते. पालिकेच्या जलवाहिनीतला दाब जसा प्रत्येक गल्लीत वेगळा, तसे. माद्रिदमधल्या यंत्राने दक्षिणेच्या अंदालुसियातले व्होल्टेज आवरत नाही.

हा दाब कमीजास्त होतो तो रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरमुळे. भाराखाली असलेली वाहिनी ती खाते, रिकामी वाहिनी ती निर्माण करते. एप्रिलच्या लख्ख दुपारी, घराघरांच्या छतावर सौर पॅनेल चालू असताना, चारशे किलोव्होल्टच्या लांबलचक वाहिन्यांवरून फार थोडी वीज वाहत असते. अशा वाहिन्या व्होल्टेज चढवतात. ते शोषून घेणारा कोणीतरी त्या त्या भागात लागतो. त्यासाठीच ती दहा केंद्रे होती.

१०:३०

हेलकावे मोठे झाले. ऊन चढत होते आणि बाजारातला विजेचा दर शून्याच्या आसपास आला होता. दर असा पडला की सौर केंद्रे आपले उत्पादन झपाट्याने कमीजास्त करतात. वीज आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर यांचे प्रमाण ठरलेले असल्याने वीज कमी झाली की त्यांचे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शोषणेही त्याच हिशेबाने घटते. दरपत्रकाचा प्रत्येक धक्का असा व्होल्टेजपर्यंत पोहोचत होता.

१२:०३

ग्रीड झुलू लागली. सेकंदाला साधारण ०.६ आवर्तने. फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज आणि वाहिन्यांवरचा प्रवाह, तिन्ही एका तालात वरखाली. हा ताल ओळखीचा नव्हता. पुढे सरकारी चौकशीने त्याचा माग काढला तेव्हा तो पोर्तुगालच्या सीमेलगतच्या बादाहोस प्रांतातल्या एका सौर केंद्रापाशी पोहोचला.

हे झुलणे जवळपास पाच मिनिटे चालले. नियंत्रण कक्षाने ठरलेले उपाय केले. बंद ठेवलेल्या वाहिन्या पुन्हा जोडल्या म्हणजे ग्रीडची वीण घट्ट होते. फ्रान्सला जाणारी वीज कमी केली. पिरेनीज पर्वताखालून जाणारी दोन हजार मेगावॉट क्षमतेची थेट प्रवाहाची वाहिनी ठरावीक वीज वाहून नेण्याच्या पद्धतीवर टाकली, म्हणजे तिच्यातला प्रवाह ग्रीडच्या मागे हलणार नाही.

यातला प्रत्येक उपाय पुस्तकात आहे आणि प्रत्येक उपाय लागू पडला. पण जोडलेली प्रत्येक जास्तीची वाहिनी रिकामी होती, आणि रिकामी वाहिनी व्होल्टेज चढवते. निर्यात घटली तशा आधीच्या वाहिन्याही आणखी हलक्या झाल्या.

१२:१६

तोच ताल पुन्हा, क्षीण.

१२:१९

दुसरे मोठे झुलणे, या वेळी संथ, सेकंदाला ०.२ आवर्तने. हा ताल युरोपभरच्या इंजिनिअरांना माहीत आहे. आयबेरिया, म्हणजे स्पेन आणि पोर्तुगाल, एका टोकाला आणि उरलेला खंड दुसऱ्या टोकाला, असे हे झुलणे असते. पुन्हा वाहिन्या जोडल्या, पुन्हा निर्यात घटवली. व्होल्टेज खाली गेले की ते सावरण्यासाठी रिअ‍ॅक्टर सोडवावे लागतात. रिअ‍ॅक्टर म्हणजे व्होल्टेज चढू न देणारी उपकरणे. त्यातले काही या वेळी सोडवलेले होते.

१२:२२

झुलणे थांबले. ग्रीडने दुसरा धक्काही पचवला, असेच त्या क्षणी कक्षातल्या कोणालाही वाटले असते.

१२:२६

कक्षाने दक्षिणेत एक गॅसवरचा संच सुरू करायची तयारी केली. सर्वांत लवकर कोण जोडले जाऊ शकेल, याची विचारणा झाली. थंड पडलेला संच तापवायचा, फिरवायचा, ग्रीडच्या तालाशी जुळवायचा, मग जोडायचा. वेळ ठरली १४:००.

आदल्या रात्री आठ वाजता ज्या प्रश्नाचे उत्तर ‘गरज नाही’ असे आले होते, त्याच प्रश्नाचे उत्तर आता ‘दीड तासाने’ असे आले. हातात होती सात मिनिटे.

१२:३०

स्पेनची मागणी सुमारे २५ हजार मेगावॉट. सौर केंद्रांतून सुमारे १८ हजार मेगावॉट येत होते. जास्तीची वीज शेजारी जात होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार पोर्तुगालला दोन हजार, फ्रान्सला एक हजार, मोरोक्कोला आठशे मेगावॉट. आणखी सुमारे तीन हजार मेगावॉट उदंचनासाठी, म्हणजे धरणाचे पाणी वरच्या जलाशयात चढवायला. देशातल्या सात अणुभट्ट्यांपैकी चार चालू होत्या.

फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झच्या जवळ होती. निर्मिती आणि मागणीचा मेळ बसलेला होता. तुटवडा कुठेही नव्हता. ग्रीड कोसळते ती वीज कमी पडली म्हणून, ही समजूत आपल्या सर्वांच्या मनात पक्की आहे, आणि त्या दुपारी नेमके तेच घडलेले नाही.

१२:३२:००

व्होल्टेज चढू लागले आणि चढतच राहिले.

पुढच्या ५७ सेकंदांत उत्तर आणि दक्षिण स्पेनमधली मिळून २०८ मेगावॉटची छोटी पवन आणि सौर केंद्रे सुटली. याच वेळात वितरण जाळ्यांवरचा भार ३१७ मेगावॉटने वाढलेला दिसला. हजारो लोकांनी एकाच मिनिटात काही चालू केले असेल, ही एक शक्यता. दुसरी आणि अधिक संभवनीय शक्यता म्हणजे छतांवरचे सौर संच व्होल्टेज सोसेना म्हणून आपापले बंद झाले, आणि त्या घरांचा भार ग्रीडवर आला. नेमके काय झाले ते कक्षातल्या पडद्यावर दिसत नव्हते. एक मेगावॉटहून लहान केंद्रे तिथे दिसतच नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे थोडे थांबावे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या फीडरांसाठी १६ हजार मेगावॉट सौरऊर्जेचे लक्ष्य आहे, उपकेंद्रा-उपकेंद्राला जोडलेल्या लहान केंद्रांतून. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळण्यासाठी ही योजना हवीच आहे. व्होल्टेज चढल्यावर ही केंद्रे काय करतील आणि ते कोणत्या पडद्यावर दिसेल, हेही तितक्याच काळजीने ठरायला हवे.

१२:३२:५७

ग्रानादा प्रांतात एक रोहित्र ट्रिप झाले. आसपासची सौर आणि पवन केंद्रे या रोहित्रातून मुख्य ग्रीडला वीज देत होती, त्या क्षणी ३५५ मेगावॉट. कारण, त्याच्या खालच्या बाजूला व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलेले. वरच्या बाजूला, चारशे किलोव्होल्टच्या ग्रीडवर, आकडा होता ४१७.९ किलोव्होल्ट. स्पेनमध्ये ४३५ किलोव्होल्टपर्यंत चालते. म्हणजे मुख्य ग्रीड अजून नियमात होती.

३५५ मेगावॉट जाणे मोठी गोष्ट नाही. पण ही केंद्रे १६५ मेगाव्हार रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शोषत होती. तो शोषणारा गेला. दक्षिणेतले व्होल्टेज आणखी चढले.

इथून सत्तावीस सेकंद.

१२:३३:१६

बादाहोस प्रांतात दोन ठिकाणी सौर केंद्रे सुटली. ७२७ मेगावॉट. व्होल्टेज आणखी वर.

१२:३३:१७

सेगोविया, उएल्वा, सेविया, कासेरेस आणि पुन्हा बादाहोस. एका सेकंदाच्या आत ९२८ मेगावॉट.

हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. केंद्र सुटते, व्होल्टेज चढते. व्होल्टेज चढले की पुढचे केंद्र स्वतःला वाचवण्यासाठी सुटते. त्याने व्होल्टेज आणखी चढते. प्रत्येक केंद्राचा संरक्षक रिले आपले काम करत होता, आणि सरकारी अहवाल म्हणतो त्याप्रमाणे त्यातले काही मर्यादा ओलांडली जाण्याआधीच सुटले होते. या साखळीत माणसाने बोट लावावे इतका वेळ कुठेही नाही. डोळ्याची पापणी लवायला जितका वेळ लागतो, त्यात अर्धा प्रांत सुटत होता.

१२:३३:१८

व्होल्टेज ४३५ किलोव्होल्टच्या वर. फ्रिक्वेन्सी, जी आतापर्यंत शांत होती, घसरू लागली.

१२:३३:१९

स्पेन आणि पोर्तुगाल यांचा युरोपच्या ग्रीडशी असलेला ताल सुटू लागला.

फ्रिक्वेन्सी घसरली की भार कापायचा, ही स्वयंचलित योजना प्रत्येक देशात असते. स्पेनमध्येही ती चालली, जशी आखली होती तशीच. आधी उदंचनाचे पंप तुटले, मग टप्प्याटप्प्याने ग्राहक. पण ती आखलेली होती विजेच्या तुटवड्यासाठी. इथे दुखणे व्होल्टेज चढण्याचे होते. भार कापला तशा वाहिन्या आणखी रिकाम्या झाल्या आणि व्होल्टेज आणखी चढले. शेवटच्या बचावाने घसरण वेगवान केली.

पिरेनीजखालची थेट प्रवाहाची वाहिनी अजून फ्रान्सला हजार मेगावॉट देत होती. तिला तसेच सांगितलेले होते.

१२:३३:२०

मोरोक्कोशी असलेली जोडणी तुटली.

१२:३३:२१

फ्रान्सशी असलेल्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वाहिन्या तुटल्या. आयबेरिया आता विजेच्या हिशेबाने बेट झाले. फ्रिक्वेन्सी ४८ हर्ट्‌झपर्यंत उतरली.

१२:३३:२४

सगळे आकडे शून्यावर.

पाच सेकंदांत १५ हजार मेगावॉट गेले, त्या क्षणीच्या मागणीच्या ६० टक्के, असे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी त्या संध्याकाळी देशाला सांगितले. चारही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि त्या थंड ठेवण्याचे काम डिझेल जनरेटरांनी उचलले. पोर्तुगालमध्ये तेव्हा ११:३३ झाले होते. महाराष्ट्रात दुपारचे चार वाजून तीन मिनिटे.

भारतीय वाचकाला ३१ जुलै २०१२ आठवेल. तेव्हा उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या ग्रीड कोसळल्या, सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली आणि पश्चिमेची ग्रीड टिकल्याने महाराष्ट्र वाचला. ते संकट जुन्या जातीचे होते. बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर पेलवेना इतका भार आला होता. स्पेनमध्ये वाहिन्यांवर भार फार कमी होता. चढत्या व्होल्टेजच्या साखळीने एवढी मोठी ग्रीड पडण्याची युरोपातली ही पहिलीच वेळ.

१२:३४ पासून

माद्रिदचे सिग्नल बंद. मेट्रोच्या बोगद्यांतून माणसे बाहेर काढायला सुरुवात झाली. देशभर शंभरहून अधिक गाड्या मध्येच उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या सुमारे ३५ हजार प्रवाशांना संध्याकाळपर्यंत आणि काहींना रात्री उशिरापर्यंत बाहेर काढावे लागले. मोबाइलचे मनोरे बॅटरी संपेल तसे मुके होत गेले. दुकानांत सेलवर चालणारे रेडिओ संपले. रुग्णालये जनरेटरवर गेली.

१२:४४

कोसळल्यानंतर अकरा मिनिटांनी फ्रान्सने पश्चिमेकडची पहिली चारशे किलोव्होल्टची वाहिनी पुन्हा चेतवली.

१३:०४

मोरोक्कोची जोडणी परत आली. १३:३५ ला फ्रान्सची पूर्वेकडची. बाहेरून मिळणाऱ्या या विजेच्या आणि शून्यातून सुरू होऊ शकणाऱ्या जलविद्युत केंद्रांच्या आधाराने स्पेनने छोटी बेटे उभी केली. ती एकमेकांना सावकाश जोडायची होती. घाई केली तर तेच पुन्हा.

१४:००

१२:२६ ला ज्याची विचारणा झाली तो गॅसचा संच याच वेळी जोडला जाणार होता.

१६:११

पोर्तुगालमध्ये शून्यातून सुरू होण्याचा करार असलेली केंद्रे दोनच. त्यातले कास्तेलो दे बोदे हे धरणावरचे केंद्र सुरू झाले. गॅसवरचे तापादा दो ओतेइरो १७:२६ ला.

१८:३६

स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातली पहिली वाहिनी पुन्हा जोडली गेली.

रात्री

गालिसियातल्या ओरेन्से प्रांतात ताबोआदेला नावाचे गाव आहे. वीज नव्हती म्हणून एका घरात जनरेटर लावला होता. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने एकाच कुटुंबातल्या तिघांचा मृत्यू झाला.

मंगळवार, २९ एप्रिल. ००:२२

पोर्तुगालची वहन ग्रीड पूर्ण उभी राहिली. स्पेनची पहाटे ४ च्या सुमारास. सोळा तासांच्या आत दोन देशांची ग्रीड शून्यातून उभी करणे हे त्या रात्रीच्या इंजिनिअरांचे मोठे काम आहे, आणि ते वेगळे नोंदवले पाहिजे.

१७ जून

मंत्री सारा आगेसेन यांनी सरकारी चौकशीचा निष्कर्ष मांडला. एकच दोषी नाही. व्होल्टेज आवरण्याची क्षमता त्या दिवशी कमी पडली. जी केंद्रे त्यासाठी नेमलेली आणि पैसे घेणारी होती, त्यांनी अपेक्षेइतकी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शोषली नाही. काही केंद्रे वेळेआधी सुटली. वीजकंपन्यांनी रेद एलेक्त्रिकाकडे बोट दाखवले, रेद एलेक्त्रिकाने वीजकंपन्यांकडे. ३ ऑक्टोबरला युरोपीय ग्रीडचालकांच्या तज्ज्ञमंडळाचा वस्तुस्थिती अहवाल आला. वरचे सेकंदांचे तपशील त्यातले आहेत.

मधल्या काळात स्पेनमध्ये आणि बाहेरही सौरऊर्जेलाच दोष देणारे बोलून घेत होते. त्यांचे म्हणणे या घटनाक्रमात बसत नाही. सूर्य त्या दिवशी कमी पडला नाही, आणि वाराही नाही. अठरा हजार मेगावॉट सौर केंद्रांना व्होल्टेज धरण्याची जबाबदारी दिली असती, तर दहा काय आणि नऊ काय, हा प्रश्न इतका जीवघेणा ठरला नसता. ती जबाबदारी देण्याचे काम कागदाचे होते आणि ते कागदावरच राहिले. आपल्याकडे राजस्थानच्या सौरपट्ट्यात २०२२ नंतर अनेकदा असे झाले आहे की ग्रीडवरच्या गडबडीत एका क्षणात हजार मेगावॉटहून जास्त निर्मिती सुटली. ग्रीड टिकली म्हणून त्या तारखा कोणाच्या लक्षात नाहीत. २२ एप्रिलही अशीच तारीख होती.

सौर आणि पवन केंद्रांना व्होल्टेज सांभाळू देणारी नवी कार्यपद्धती ७.४ स्पेनच्या नियामकाने मंजूर केली ती जून २०२५ मध्ये, ग्रीड पडल्यानंतर काही आठवड्यांनी.